नवीन मॉडेल आलंय? आधी जुनी गाडी तिच्या शेजारी उभी करा

जीएसटी उतरल्यावर दिवाळीच्या तोंडावर मावसभावाचा फोन आला. "गाडी घेऊलालो बे. नवीन डिझायर बघून आलो, जुनी देऊन टाकतो." त्याच्या दारात २०१६ची डिझेल डिझायर आहे. महिन्यातून दोनदा पुणे, अधूनमधून तुळजापूर, अक्कलकोट. मी एकच विचारलं, "नव्या गाडीत जुन्यापेक्षा काय कमी आहे?" पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, "नव्यात कमी कसं असंल?"

असतं. ब्रोशरमध्ये काय वाढलं ते ठळक छापतात आणि काय काढून घेतलं ते छापत नाहीत, एवढाच फरक. आमच्या घरात गाडी घ्यायची म्हटली की फोन मला येतो. गेल्या बारा-पंधरा वर्षांत आठ-दहा गाड्यांच्या खरेदीत मी मधे लुडबुड केलीय, त्यातल्या दोन चुकल्याही. पहिल्यांदाच गाडी बदलत असाल तर जुनं आणि नवं मॉडेल कसं तोलायचं, ते त्या अनुभवावरून सांगतो.

पायरी पहिली : 'नवीन' म्हणजे किती नवीन, ते ठरवा

शोरूममध्ये सगळंच 'ऑल न्यू' असतं. खरं तर चार प्रकार असतात. पहिला म्हणजे नवी पिढी : सांगाडा, पत्रा, आतली मांडणी, बहुतेक सगळं बदलतं. क्रेटा २०१५ला आली आणि २०२०ला तिची दुसरी पिढी आली, ती अशी. दुसरा फेसलिफ्ट : पुढचा-मागचा चेहरा, दिवे, डॅशबोर्ड नवा, मधला डबा तोच. २०२४ची क्रेटा किंवा २०२३ची नेक्सॉन ही त्यातली. तिसरा प्रकार नाव बदलण्याचा : एक्सयूव्ही ३०० फेसलिफ्ट होऊन एक्सयूव्ही थ्रीएक्सओ झाली. चौथा नुसता वर्षाचा बदल, म्हणजे दोन रंग आले, एखादं फीचर खालच्या व्हेरियंटला मिळालं आणि किंमत वाढली.

ओळखायची सोपी खूण सांगतो. दरवाजे आणि पुढची काच बघा. दोन्ही गाड्यांचे दरवाजे एकसारखे असतील तर तो फेसलिफ्ट, मग सेल्समन काहीही म्हणो. दरवाजाचे साचे बदलणं कंपनीला फार महाग पडतं, म्हणून तिथे कुणी उगाच हात घालत नाही.

यातही एक मेख आहे. कधी पिढी नवी असते, पण हाडं जुनीच असतात. २०२४च्या डिझायरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिलिमीटर, आधीच्या २०१७च्या गाडीचाही २४५०च. रुंदी दोन्हींची १७३५. बाहेरून ओळखू येणार नाही इतकी बदललीय, पण मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना फार मोठं सुख मिळेल असं समजून जाऊ नका.

आणि काही वेळा नवी आली तरी जुनी जात नाही. २०२२ला स्कॉर्पिओ-एन आली तेव्हा जुनी स्कॉर्पिओ 'क्लासिक' नावाने विकत राहिले. इनोव्हा हायक्रॉस आली तरी क्रिस्टा राहिली. अशा वेळी दोघी वेगळ्या गाड्या समजूनच बघायच्या.

पायरी दुसरी : तुमची जुनी गाडी कुठली, ते आधी लिहा

पुष्कळांची गफलत इथे होते. यूट्यूबवाले नव्या गाडीची तुलना लगेच आधीच्या मॉडेलशी करतात. तुमच्या दारात मात्र त्याच्याही आधीचं मॉडेल उभं असतं. भावाची गाडी दोन पिढ्या मागची. त्याच्यासाठी कागदाच्या एका पानावर तीन रकाने केले : तुझी २०१६ची डिझेल, मधली २०२० ते २४ची पेट्रोल आणि आताची.

ताकद ७५ पीएस, ९० पीएस, ८२ पीएस. टॉर्क १९० न्यूटन मीटर, ११३, ११२. डिकी ३१६ लिटर, ३७८, ३८२. टाकी ४२ लिटर, ३७, ३७. कंपनीच्या कागदावरचं ॲव्हरेज २६.५९, २२.४१, २४.७९. सगळे मॅन्युअल गिअरचे आकडे.

पहिल्या आणि शेवटच्या रकान्यातला टॉर्क पुन्हा एकदा वाचा. पीएसमध्ये नवी गाडी वरचढ आहे, पण घाटात भरलेली गाडी ओढते ती टॉर्कवर, आणि तो चाळीस टक्क्यांनी उतरलाय. टर्बो डिझेलची सवय झालेल्या माणसाला पेट्रोल गाडी चढावर 'दमल्यासारखी' वाटते ती यामुळे. गाडीत बिघाड नसतो, तिचा स्वभावच तो. उलट मधल्या पेट्रोल गाडीवरून नवीवर येणाऱ्याला टॉर्कमध्ये काहीच फरक जाणवणार नाही. म्हणजे एकच नवी गाडी दोघांना दोन वेगळ्या वाटणार.

इंजिनात आणखी एक बदल आहे. मधल्या गाडीत चार सिलिंडर होते, आता तीन. "काय बे, तीनच? रिक्षा हाय का?" ही भावाची पहिली प्रतिक्रिया. रिक्षा नाही, पण सिग्नलला गाडी उभी असताना स्टिअरिंगला हलकी थरथर येते, ती चारच्या इंजिनात कमी असते. काहींना ती खटकते, काहींच्या लक्षातही येत नाही. तुम्ही कुठल्या जातीचे, ते बसूनच कळेल.

पायरी तिसरी : जुनं ब्रोशर उतरवून ठेवा

नवं मॉडेल आलं की कंपनीच्या साइटवरून जुन्याचा कागद गायब होतो. त्यामुळे नव्या गाडीची कुणकुण लागली की जुन्याची पीडीएफ मोबाइलमध्ये ठेवून द्या. नंतर व्हेरियंट जुळवा, आणि तेही नावावर न जाता फीचरवर. जुन्या व्हीएक्सआयमध्ये जे होतं ते नव्या व्हीएक्सआयमध्ये असेलच असं नाही. एखादी गोष्ट गुपचूप वरच्या व्हेरियंटला ढकललेली असते, किंवा उलटंही झालेलं असतं.

पायरी चौथी : काय गेलं, त्याची यादी करा

जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून फक्त गेलेल्या गोष्टींवर लाल पेनने खूण करा. मला सापडलेली काही उदाहरणं देतो.

डिझेल. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ (धुराचे कडक नियम) आलं आणि मारुतीने डिझेल इंजिनं बंद केली. त्यामुळे स्विफ्ट, डिझायर, ब्रेझा यांच्या जुन्या डिझेलवाल्यांना त्याच नावात थेट वारसदार उरला नाही.

गिअर. हायक्रॉस फक्त ऑटोमॅटिक आहे, पेट्रोल किंवा हायब्रिड. क्रिस्टा डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी, खाली लॅडर फ्रेम, म्हणजे ट्रकसारखा वेगळा सांगाडा असलेली. दोघींच्या नावात इनोव्हा आहे, पण जात वेगळी. पंढरपूर-तुळजापूर-गाणगापूर अशा फेऱ्या मारणारे टुरिस्टवाले अजून क्रिस्टा का विचारतात, ते यात आलं. घरगुती माणसाला मात्र हायक्रॉसची मधली रांग आणि शांतपणा जास्त भावेल.

बटणं. २०२३च्या नेक्सॉनमध्ये एसीची बहुतेक बटणं जाऊन हात लावून चालणारं पॅनल आलं. दिसतं झकास. पण जुन्या गाडीत नजर रस्त्यावर ठेवून पंखा कमी-जास्त करता येत होता. सत्तरीच्या वडिलांना गाडी चालवायची असेल तर ही बाब किरकोळ समजू नका.

स्टेपनी. इथे माझाच किस्सा. काही वर्षांपूर्वी आम्ही एक गाडी बदलून तिचंच पुढचं मॉडेल घेतलं. नाव घेत नाही. शोरूमवाला म्हणाला, "साहेब, तीच गाडी, फक्त आणखी छान केलीय." आम्ही खूश. चार महिन्यांनी नळदुर्गच्या अलीकडे रात्री पंक्चर झालं. डिकीचा पुठ्ठा उचलला तर आत सायकलच्या चाकाचा मोठा भाऊ वाटावा असं बारकं चाक, वर पिवळा स्टिकर : ताशी ८०च्या वर जाऊ नये. जुन्या गाडीत चारही चाकांसारखं पाचवं चाक होतं. सोलापूरपर्यंत रांगत आलो. वाटेत बायकोने एकदाच विचारलं, "ही 'आणखी छान' का?" त्यानंतर मी शोरूममध्ये गेलो की आधी डिकीचा पुठ्ठा उचलतो, बॉनेट नंतर.

या यादीत टाकी, मागच्या काचेचा वायपर, मागच्या सीटची डोकं टेकायची उशी, छतावरचं हँडल, आतला चष्म्याचा खण, असल्या गोष्टीही बघा. एकेकटी क्षुल्लक असते, पण रोज हात तिथेच जातो.

पायरी पाचवी : किंमत आणि ॲव्हरेज, जरा सावकाश

जुनी आणि नवी किंमत तोलताना तारीख बघा. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी २८ टक्के आणि वर सेस होता. मोठ्या गाड्यांना सेस काढून सरळ ४० टक्के. त्यामुळे त्या तारखेच्या आधीचा जुन्या मॉडेलचा भाव आणि नंतरचा नव्याचा भाव शेजारी ठेवून 'नवी स्वस्त झाली' म्हणण्यात अर्थ नाही. स्वस्ताई कंपनीची की कराची, ते वेगळं काढा.

तोलायची ती ऑन रोड किंमत. आपल्याकडे एमएच-१३ (सोलापूर) पासिंगचा रोड टॅक्स डिझेलला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आणि सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी असतो. कोटेशनमध्ये ॲक्सेसरीज पॅक आणि हँडलिंग चार्जेस अशा ओळी दिसल्या तर तिथे बोट ठेवून विचारा. इन्शुरन्स बाहेरून घेता येतो, तुमची इच्छा.

ॲव्हरेजचा हिशेब तर पाचवीतलं पोरगंही करेल, पण करत कुणीच नाही. मधली पेट्रोल डिझायर २२.४१, नवी २४.७९. महिन्याला १००० किलोमीटर धरले तर कागदावर सव्वाचार लिटरच्या आसपास वाचतात. लिटरला शंभर रुपये धरा, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे रुपये. तेवढ्यासाठी चांगली चालणारी तीन वर्षांची गाडी देऊन लाख-लाख रुपये वर घालणं म्हणजे दहा रुपये वाचवायला शंभराची रिक्षा करून मंडईला जाण्यासारखं. गाडी बदलायला दुसरं कारण शोधा.

पायरी सहावी : तारे मोजा, पण त्यांचं सालही वाचा

दुसरं कारण बऱ्याचदा इथे सापडतं. आधीच्या पिढीच्या स्विफ्टला, म्हणजे डिझायरच्या सख्ख्या बहिणीला, डिसेंबर २०२२मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत एकच तारा मिळाला होता. २०२४च्या डिझायरला त्याच संस्थेने मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच आणि लहान मुलांसाठी चार तारे दिले. सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटला. भावाच्या २०१६च्या गाडीत एकही एअरबॅग नाही. त्याच्या पानावर मी या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

मात्र सगळे पाच तारे सारखे नसतात. जुलै २०२२पासून ग्लोबल एनकॅपचे निकष कडक झाले : बाजूने बसणारा धक्का, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), पादचाऱ्याचं संरक्षण, हे सगळं मोजायला लागले. त्याआधीचे पाच तारे सोप्या पेपरातले. नेक्सॉनने २०१८मध्ये पाच तारे घेतले आणि फेसलिफ्टने २०२४मध्ये नव्या पेपरात पुन्हा पाच घेतले. म्हणून दोन्ही वेळचा निकाल सारखा दिसला तरी दुसरा जास्त वजनाचा. ऑक्टोबर २०२३पासून आपलं भारत एनकॅपही आहे. निकाल बघताना चाचणी झालेल्या गाडीत किती एअरबॅग होत्या, ते जरूर वाचा.

पायरी सातवी : ट्रायल, आपल्या रस्त्यावर, आपल्या माणसांसह

शोरूमची ट्रायल म्हणजे होटगी रोडला एक किलोमीटर सरळ जायचं आणि यू-टर्न मारून परत. त्यात कुठलीही गाडी चांगलीच वाटते. मी सांगतो तसं करा.

स्वतःची जुनी गाडी घेऊन जा. आधी ती चालवत आसरा चौक, जुळे सोलापूर, सैफुल असा फेरा मारा आणि लगेच त्याच वाटेने नवी चालवा. मधे जेवायला थांबू नका, आठवण पुसली जाते. स्पीडब्रेकर तेच, खड्डे तेच, त्यामुळे सस्पेन्शन कुठे बदललं ते कंबरच सांगते. नव्या मॉडेलला बहुतेक वेळा मोठी अलॉय आणि बारीक टायर येतात. फोटोत शोभतात, खड्ड्यात रिमला मार बसतो, आणि टायर बदलायची वेळ आली की खिशालाही.

वेळ दुपारी दोनची मागा, उन्हाळा असेल तर उत्तमच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांना टेकतो. गाडी अर्धा तास उन्हात उभी करायला सांगा. मग चार माणसं बसवून एसी लावा आणि मागे बसलेल्याला विचारा, गार वारा किती मिनिटांनी पोचला. काचेचं छत असलेली गाडी असेल तर ही परीक्षा टाळूच नका. आतली फिकट बदामी सीटही याच उजेडात बघा. आपली काळी माती आणि ती सीट यांचा संसार कसा होणार, ते तिथेच डोळ्यांसमोर येईल.

जुन्या पेठांत घर असेल तर रुंदी मोजा. स्कॉर्पिओ क्लासिक १८२० मिलिमीटर रुंद, स्कॉर्पिओ-एन १९१७. जवळजवळ दहा सेंटीमीटर जास्त, लांबीलाही वीस. हायवेला हे राजेशाही वाटतं. चाटी गल्लीत समोरून हातगाडी आली की आरसे मिटून घ्यावे लागतात.

डिकीचे लिटर वाचून काही कळत नाही. वॅगन-आरची डिकी २०१९च्या पिढीत १८०वरून ३४१ लिटर झाली, हा आकडा वाचून मला काही बोध झाला नव्हता. शेजाऱ्यांनी मुलीच्या सासरी द्यायच्या चादरींचं गाठोडं, शेंगा चटणीचे दोन डबे आणि कडक भाकरीचं खोकं जुन्या गाडीत मागच्या सीटवर ठेवलेलं मी पाहिलं होतं. तेच सगळं नव्या गाडीच्या डिकीत गेलं आणि वर पर्सला जागा उरली, तेव्हा कळलं. तुम्ही घरची मोठी बॅग सोबत न्या. सीएनजी घेणार असाल तर सीएनजीचीच गाडी उघडून दाखवायला लावा, पेट्रोलची डिकी बघून समाधान मानू नका.

आणि घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस न्या. आमची मावशी गुडघेदुखीवाली. नव्या डिझायरमध्ये मागे बसली, उतरली, पुन्हा बसली. मग भावाच्या जुन्या गाडीत तसंच केलं. सेल्समन घड्याळ बघत होता. मावशी म्हणाली, "बसायला दोन्ही सारख्याच. उतरताना दाराला धरावं लागतंय दोन्हीत." एवढं एक वाक्य कुठल्याही रिव्ह्यूत मिळालं नसतं. भावाला वाटत होतं, नव्या गाडीत आईला सोपं जाईल. ते कारण तिथेच गळालं.

शेवटी जमलं तर चौघं बसून तुळजापूरचा घाट. शोरूम एवढं लांब सोडत नाही, पण ओळखीत कुणी नवी घेतली असेल तर पेट्रोल भरून मागा. आम्ही तेच केलं. भावाची डिझेल जिथे तिसऱ्यात चढते तिथे नवीला दुसरा टाकावा लागला. भाऊ काही बोलला नाही, देवीला जाऊन येईपर्यंत गप्पच होता.

पायरी आठवी : जुनंच मॉडेल स्वस्तात घ्यावं का?

नवं येणार असं पक्कं झालं की शोरूमला जुना स्टॉक काढायचा असतो, तेव्हा सवलत चांगली सुटते. गाडीत तुम्हाला हवं ते सगळं असेल तर ही वाईट खरेदी नाही. उलट जुन्या मॉडेलचे बारीकसारीक दोष तोवर निस्तरलेले असतात आणि आपल्या नेहमीच्या मिस्त्रीलाही ते इंजिन पाठ असतं. नव्याच्या पहिल्या बॅचला सहा महिने द्यावेत, या मताचा मी आहे. फक्त विकताना ग्राहक 'जुना चेहरा' म्हणून पैसे पाडून मागतो, ते आजच सवलतीतून वळते करून घ्या. सुरक्षेत दोन मॉडेलांत मोठं अंतर असेल तर मात्र मी सवलतीकडे बघणार नाही.

भावाने शेवटी नवी पेट्रोल घेतली, एअरबॅगच्या त्या दोन रेघांवर, पोरांसाठी म्हणून. ॲव्हरेज आणि आईचे गुडघे ही कारणं केव्हाच गळून पडली होती. घाटात दुसरा टाकताना अजून पुटपुटतो.

स्टॉकमधली गाडी घेताना एक करा. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष येतं, पुढे विमा आणि विक्री त्यावरच तोलली जाते. त्यामुळे पैसे भरण्याआधी ते विचारून लेखी घ्या. आणि यार्डात खाली बसून टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीतले चार आकडे वाचा : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. चारही टायरचे आकडे जवळपासचे असावेत, आणि पाचव्या चाकाचेही. ते डिकीच्या पुठ्ठ्याखाली असतं.